तातेमामानं नवरी उचलायची ठरवली

भागवत, तू आता फक्त ऐक. मधी बोलू नको, हसू आलं तर तोंडात रुमाल कोंब, पण ऐक. तू तिकडं पुण्यात जाऊन बसला अन् इकडं तातेमामाच्या घरी काय रामायण झालं तुला पत्ता न्हाई.

तर प्रियदर्शनीची सुपारी फुटली. निर्मलाबाईची प्रियदर्शनी रे, तातेमामाची भाची, हिंगोलीला पतसंस्थेत कामाला हाय ती. पोरगा वाशिमकडचा, शिकलेला, सगळं बराबर. सुपारीच्या दिवशी पंगत बसली, बुंदी वाढून झाली, अन् व्याह्यांनी सहज इचारलं, "मंग मांडवात पोरीला उचलून कोण आणणार?"

आता आपल्याकडची रीत तुला सांगायला नको. नवरीनं आपल्या पायानं बोहल्यावर जायचं न्हाई, मामानं उचलून न्यायचं. मामा वाळका असो, दमेकरी असो, नुकता मोतीबिंदू काढलेला असो, नवरीपुढं त्याची सुटका न्हाई. तातेमामा सख्खा मामा, अन् एकुलता. त्यांनी घास गिळून "मीच" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात पंगतीच्या त्या टोकाहून सोमेश्वर बोलला, "तातेदादाला काहून तकलीफ देता? ह्या वयात कंबर धरली तर वऱ्हाड मांडवात अन् मामा दवाखान्यात. मी हाय न!"

सोमेश्वर चुलत मामा. खताचं दुकान हाय त्याचं, रोज संध्याकाळी हिंगोलीला जिमला जातो. उंचीनं बुटका, अंगानं बेताचा, पण टी-शर्ट असा घालतो की बेताचं अंग बी फुगलेलं दिसावं. त्यानं बाही वर करून दंड दाखवला. सगळी पंगत हसली. पंगतीचं काय, बुंदी पोटात गेली की ती कशालाबी हसती.

प्रियदर्शनी तेवढी हसली न्हाई. ती वाढता वाढता थांबली अन् म्हणाली, "मला तातेमामाच उचलतील. नरसीच्या जत्रेत सारा दिवस खांद्यावर कोण फिरवायचं मला? दुसऱ्या कोणाच्या हातात मी जाणार न्हाई."

तातेमामाच्या डोळ्यात पाणी आलं. ठेचा तिखट व्हता असं ते अजून म्हणतेत. त्यांनी पत्रावळीवरूनच जाहीर केलं, "माझी भाची मीच उचलणार. ह्यावर चर्चा नको."

बोलून बसले. अन् रात्रभर छताकडं बघत राहिले. कारण भागवत, तातेमामाची नोकरी पाटबंधारेच्या हापिसात, टेबलाच्या मागं. साऱ्या नोकरीत त्यांनी उचललेली सगळ्यात जड वस्तू म्हणजे स्वतःची खुर्ची, तीबी खिडकीतून ऊन आलं की सावलीला सरकवायला. रिटायर झाल्यावर तर गॅसची टाकी बी सुमनमामी आत घेती अन् हे "सांभाळून, सांभाळून" म्हणतेत. पण आता शब्द दिला व्हता. लग्न उन्हाळ्यात, हातात सारा हिवाळा. मामानं ठरवलं, तयारी करायची.

पहिला सल्ला शेजारच्या रूपसिंगचा. रूपसिंग मूळचा बंजारा तांड्यावरचा, मामाचा शाळेपासूनचा दोस्त, एसटीत ड्रायव्हर व्हता. त्याला कोणताबी विषय द्या, तो गाडी काढल्यासारखा सल्ला काढतो. मामाच्या पडवीत सोयाबीनचे कट्टे, भरलेली पोती, एकावर एक रचलेले. रूपसिंग म्हणाला, "नवरी म्हणजे काय? एक कट्टा. तू कट्टा उचलला की नवरी उचलली. चल, लाव हात."

मामानं धोतर खोचलं, बजरंगबलीचं नाव घेतलं, कमरेतून खाली वाकले, कट्ट्याचे दोन्ही कान धरले अन् एकदम हिसका मारला. कट्टा तिथंच राहिला. मामा बी तिथंच राहिले. वाकलेले. वरी येता येईना, खाली बसता येईना. कमरेत अशी उसण भरली की श्वास घ्यायची बी चोरी. रूपसिंग म्हणाला, "गिअर अडकला." मामा त्याला शिव्या द्यायला लागले, पण त्या साऱ्या जमिनीकडं तोंड करून, त्याच्यामुळं त्यात काही दम न्हाई वाटला.

सारी गल्ली गोळा झाली. एक म्हणते गरम वीट लावा. एक म्हणते एरंडाचं पान बांधा. एक म्हातारी म्हणाली, "कशाला काय पाहिजे? घरातच पायाळू हाय की!"

आता हे तुला माहीत पाहिजे. जे लेकरू पायाकडून जन्मतं ते पायाळू, अन् पायाळूनं लाथ मारली की उसण जाती, असं आपल्याकडं सारे मानतेत. अन् आपल्या गावात पायाळू एकच, सुमनमामी. आजूबाजूच्या गावातून लोक कंबर धरून येतेत, मामी हात धुती, पाय लावती, ते चहा पिऊन जातेत. पण घरच्या माणसाची पाळी कव्हाच आली नव्हती. मामी चुलीपुढून उठून आली. पदर खोचला. मामा खालून ओरडले, "हळू! नुसता टेकव!"

मामीनं देवाचं नाव घेतलं अन् दिली ठेवून. भागवत, मी पाहिलं न्हाई, पण पाहणारे सांगतेत की बाकीच्यांना ती पाय लावती, मामाला तिनं लाथच मारली. लग्न झाल्यापासून जे जे बोलायचं राहिलं व्हतं ते सारं त्या एका पायात व्हतं. मामा पुढं कट्ट्यावर पालथे पडले. गल्लीनं इचारलं, "गेली का उसण?" मामा म्हणाले, "उसण हाय तिथंच हाय. इज्जत गेली."

उसण चार-आठ दिवसांनी आपली आपण गेली. श्रेय मामीनं घेतलं.

दुसरा माणूस असता तर त्यानं सोमेश्वरला फोन लावला असता. मामानं ठरवलं, आता शास्त्रशुद्ध. आपल्या गावात सरकारी व्यायामशाळा हाय न, शाळेच्या मागं? बाहेर भिंतीवर गदा घेतलेला मारुती, आत सामान, अन् दाराला कुलूप, बांधली त्या दिवसापासून. मामा इस्त्रीचा सदरा घालून ग्रामसेवकाकडं गेले.

"चावी पाहिजे व्हती."

"देता येत न्हाई. उद्घाटन व्हायचं हाय."

"कव्हा?"

"साहेबांची तारीख भेटंना."

"तवर मी गपचूप आत जाऊन…"

"तुमी गपचूप वापरली तर साहेबांनी उद्घाटन कशाचं करायचं? वापरलेल्या मालाचं?" ग्रामसेवकानं पान लावलं. "अन् तुमचं वय काय? चाळिशीच्या वर असलं की डॉक्टरचं सर्टिफिकेट लागते."

"पण कुलूपच उघडणार न्हाई तर सर्टिफिकेट घेऊन काय करू?"

"कागद तयार असलेले बरे."

मामाला राग यायला पाहिजे व्हता. पण स्वतः सारी नोकरी सरकारी हापिसातली, त्यांना आतून कौतुकच वाटलं. एवढं गोल, कुठं टोक न्हाई, कुठं धरायला जागा न्हाई, अशी नामंजुरी आजकाल पाहायला भेटत न्हाई म्हणले. येता येता फुटक्या खिडकीतून आत डोकावले तर वजनाच्या चकत्यांमधी एक कोंबडी अंड्यांवर खुडूक बसलेली. तिला ना उद्घाटन लागलं, ना सर्टिफिकेट.

तरी मामा सर्टिफिकेटला गेलेच. आरोग्य केंद्रात नवीन डॉक्टर आलेली, पुनम मॅडम, मामाच्या पोरीच्या वयाची. तिनं बीपी पाहिला, साखर तपासली, गुडघे ठोकले, अन् इचारलं, "नक्की करायचं काय आहे तुम्हाला?"

"भाची उचलायची हाय."

"किती वर्षांची?"

"लग्नाची."

मॅडमनं पेन खाली ठेवलं. मामानं सगळं सांगितलं, सुपारी, सोमेश्वर, कट्टा. लाथ तेवढी वगळली. मॅडम हसली न्हाई, हे मामाला लई आवडलं. ती म्हणाली, "सर्टिफिकेट राहू द्या. त्या खुर्चीवर बसा. आता हात न टेकता उठा."

मामा बसले एकदम झकास. उठताना मात्र पुढं झुकले, मागं गेले, पुन्हा झुकले. हात टेकल्याबिगर काही जमंना. शेवटी मॅडमच्या टेबलाला धरून उठले अन् वर म्हणले, "टेबल हाय म्हणून धरलं, न्हाई तर गरज नव्हती."

मॅडम म्हणाली, "मामा, हे बघा. वय वाढलं की अंगातलं मांस कमी होतं, हे खरं. म्हणून तर वजन उचलायचं. बसून राहिलं की ते अजून लवकर जातं. पण पहिल्याच दिवशी पोतं? आधी खुर्चीवरून उठायला शिका. मग दोन हातात पाण्याच्या बाटल्या. मग थोडं थोडं वाढवा. उचलताना कंबरेतून वाकायचं नाही, गुडघ्यातून बसायचं. वजन छातीला चिकटून. श्वास कोंडायचा नाही, उठताना सोडायचा. आणि कुठं कळ आली की तिथंच थांबायचं, लाज न बाळगता."

मामा घरी येऊन तोंड पाडून बसले. सुमनमामीनं इचारलं, "काय म्हणाली?"

"खुर्चीवर बसायचं अन् उठायचं म्हणती. हा काय व्यायाम झाला? हे तर मी सारी नोकरी करून राहिलो व्हतो."

मामी भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमी बसलेलं साऱ्या जिल्ह्यानं पाहिलं. उठलेलं कोणीच पाहिलं न्हाई. शिका तेवढं."

अन् मामा शिकले, भागवत. मला बी खरं वाटत नव्हतं. रोज पहाटे अंगणात खुर्ची, बसले, उठले, बसले, उठले. शेजारच्या पोराला वाटलं आजोबाला मूळव्याध झाली. मंग पाण्याच्या बाटल्या आल्या. मंग एका रिकाम्या कट्ट्यात पायलीभर सोयाबीन. ते गुडघ्यात बसून छातीला लावून उचलायचं, अंगणाला फेरी मारायची, हळूच ठेवायचं. आठवड्याला कट्ट्यात चार ओंजळी वाढवायच्या. मामा त्या कट्ट्याकडं अशा नजरेनं बघायचे की जसं ते लेकरू बाळसं धरून राहिलं हाय. जानेवारी संपता संपता मामा पायरी चढताना कठडा धरंनासे झाले. एक दिवस गॅसची टाकी त्यांनीच आत घेतली. मामीनं शेजारणीला बोलावून दाखवली. टाकी न्हाई, मामा.

इथवर सगळं बराबर चाललं व्हतं. मंग रूपसिंगनं दुसरा सल्ला दिला. म्हणाला, "तातेराव, पोतं खरबरीत असते, हातात बसते. नवरी शालूत असती. शालू सटकतो. शालूवर सराव केला का तू?"

आता पंचाईत ही की सल्ला बिनचूक व्हता. मामी माहेरी गेलती. मामानं तिची पेटी उघडली, लग्नातला शालू काढला, अन् दोघा म्हाताऱ्यांनी मिळून कट्ट्याला शालू नेसवला. पदर बी काढला. रूपसिंग म्हणे, "निऱ्या नीट कर, पायात येतील." अन् पहाटे मामा तो शालूतला कट्टा दोन्ही हातांवर घेऊन अंगणात फिरायला लागले.

समोरच्या गच्चीवर मिराबाई तुळशीला पाणी घालायला आलेल्या. अंधूक उजेड. त्यांनी पाहिलं, सुमनबाई माहेरी अन् तातेराव एका बाईला उचलून अंगणात फिरून राहिले. बाई काही बोलंना, हलंना. मिराबाईच्या हातातला तांब्या पडला. उन्हं यायच्या आत ही बातमी नरसीला मामीच्या माहेरी पोचली, अन् अकराच्या जीपनं मामी घरी. दारातच तिला कट्टा दिसला, शालू नेसून भिंतीला टेकून बसलेला.

मामीनं शालूचा पदर उचलून पाहिला अन् म्हणाली, "लग्नाला एवढी वर्षं झाली, मला एक दिवस उचललं न्हाई. सोयाबीनला शालू नेसवून फिरवतेत."

मामा कट्ट्याचा शालू सोडायला लागले. ह्याला उत्तर तुझ्याकडं हाय का? न्हाई न? पुढं ऐक.

आता मामाला एकच गोष्ट पाहिजे व्हती, प्रियदर्शनीचं वजन. कट्टा कुठवर भरायचा हे कळाया पाहिजे न? अन् लग्न ठरलेल्या पोरीला वजन इचारायची हिंमत कोणात हाय? मामानं डोकं चालवलं. सेनगावच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, त्यांना सोयाबीन घालायचं व्हतं. प्रियदर्शनी सुट्टीवर आलेली, तिला म्हणले, "चल, तुला लग्नाची भांडी बी दाखवतो." अन् आडतीवर पोचल्यावर म्हणतेत, "पोरी, त्या लोखंडी पाट्यावर उभी राह, मागं ढिगारा मस्त हाय, फोटो काढतो."

बिचारी उभी राहिली. हसली बी. मामा फोटो काढायचं सोंग करून काट्याच्या आकड्याकडं बघायला लागले. त्यांचा हिशोब असा की आकडा आपल्याला दिसल, दुसऱ्या कोणाला काय कळतं. पण मोंढ्यातला मापाडी, भागवत! त्याचं सारं आयुष्य काट्यापाशी गेलं. काट्यावर काही चढलं की त्याचं तोंड आपोआप उघडतं. तो पाठमोरा तंबाखू मळून राहिला व्हता, नुसती वळून आकड्याकडं नजर टाकली अन् साऱ्या मोंढ्याला ऐकू जाईल असा ओरडला, "अठ्ठावन्न आठशेऽऽ! बारदाना वजा!"

आडत्यानं रिकाम्या पोत्याचं वजन कापून लिहून बी घेतलं. एक व्यापारी म्हणाला, "ओलावा किती हाय?"

प्रियदर्शनी काट्यावरून उतरली. तिच्या तोंडाकडं पाहून मापाड्यानं तंबाखू फेकून दिली. सेनगावपासून घरापर्यंत ती मामाकडं पाठ करून बसली. अन् नशीब बघ, त्याच दिवशी व्याह्यांच्या गावचा एक जण त्याच मोंढ्यात हरभरा घेऊन आलेला.

दोन दिवसांनी निर्मलाबाईला विहीणबाईंचा फोन. "मुलीचं वजन काहून करून राहिले तुमी? आमी तर काही म्हणलं न्हाई." दुसऱ्या दिवशी दुसरा फोन, "मुलीला काही दुखणं हाय का? मामा आरोग्य केंद्रात जाऊन ट्रेनिंग घेऊन राहिले म्हणं, तिला उचलायचं म्हणून?" तिसऱ्या फोनपर्यंत तिकडं असं पसरलं व्हतं की पोरगी दिसायला बारीक हाय पण हाडाला लई जड हाय, दोन माणसं लागतेत.

प्रियदर्शनी आली ती चप्पल न काढताच आली. मामा खुर्चीवरून उठून राहिले व्हते, अर्ध्यात थांबले.

"मामा, साऱ्या मोंढ्यात माझं माप केलं तुमी!"

"अगं, मला फक्त अंदाज…"

"सासरी मला आता नावानं कोणी ओळखणार न्हाई. अठ्ठावन्न आठशे आली म्हणतील. वर बारदाना वजा! मी हौसेनं म्हणलं व्हतं, मामा. तुमी माझं पोतं करून टाकलं. आता मला उचलू नका. सोमेश्वरमामा उचलल. तुमी अक्षता टाका फक्त."

गेली. मामा तसेच, अर्धे उठलेले. मंग बसले. त्या दिवशी त्यांना हात टेकून बी उठता येईना.

तू म्हणशील, झालं, संपलं. तर न्हाई. दुसऱ्या दिवशी पहाटे मामीनं पाहिलं, खुर्ची अंगणात. बसले, उठले, बसले, उठले. मामी म्हणाली, "आता कशाला? अक्षता टाकायला गुडघे वाकवावे लागत न्हाईत." मामानं कट्टा छातीला लावला अन् फेरी मारली. मामी उभी राहून बघत राहिली, मंग घरात गेली, अन् दोन ओंजळी सोयाबीन आणून स्वतः कट्ट्यात टाकलं.

लग्न कनेरगाव नाक्यावरच्या मंगल कार्यालयात. ऊन असं की मांडवाचे पडदे बी घामेजले. नवरीच्या खोलीचं दार अरुंद, तिथून बोहल्यापर्यंत लाल गालिचा, दोन्ही बाजूला फुलं उडवायच्या मशिनी, वर ड्रोन, अन् दाराशी बँडवाले. बँडवाल्यांना सांगून ठेवलेलं, मामा दारातून उचलून निघाला की सुरू करायचं, थांबायचं न्हाई. बोहल्यावर नवरदेव, पुढं अंतरपाट धरलेला. तातेमामा कोपऱ्यात, नवा फेटा, मुठीत अक्षता. मुठीत इतक्या दाबल्या व्हत्या की हळदीनं हात पिवळा.

माइकवर गुरुजी म्हणले, "मामांनी मुलीला घेऊन यावे."

सोमेश्वर दारात आला. कुडता बी एक साइज लहान. आधी कॅमेऱ्याकडं पाहिलं, गॉगल वर केला, पाय फाकवले, गुडघे ताठ, अन् कमरेतून खाली वाकून प्रियदर्शनीला हिसका मारला. तिचा एक पाय वर आला. मंग खाली गेला. सोमेश्वर काही वर आला न्हाई. दाराच्या चौकटीत वाकलेला तसाच, तोंडावर कॅमेऱ्यासाठी आणलेलं हसू तसंच, कारण ते बदलायची बी सोय राहिली नव्हती. प्रियदर्शनी आत अडकली. बाहेर मुहूर्त.

चार जण त्याला सरळ करायला धावले. मामी पदर खोचून निघाली. पण वऱ्हाडात मामानं बोलावलेल्या पुनम मॅडम व्हत्या, त्या सगळ्यांना ढकलत पुढं आल्या. "ओढू नका! कोणी सरळ करू नका! आहे तसा उचला आणि सपाट जागेवर नेऊन ठेवा!"

"कोण उचलल?" सारे एकमेकांकडं बघायला लागले. तरण्या पोरांनी मोबाइल वर धरलेले, ते खाली करायला कोणी तयार न्हाई.

तातेमामानं अक्षता खिशात टाकल्या. पुढं आले. गुडघ्यात बसले. सोमेश्वरचा एक हात आपल्या मानेभोवती घेतला, त्याला छातीला लावला, श्वास सोडला, अन् उठले. सोमेश्वर बुटकाच, सारा फुगारा कपड्याचा, आला अलगद. दारातून बाहेर निघाले. सपाट जागा म्हणशील तर सगळीकडं खुर्च्या अन् माणसं, मोकळी गादी फक्त बोहल्यावर.

अन् बँडवाल्यांनी पाहिलं, मामा दारातून कोणालातरी उचलून निघाला.

भागवत, बँड जो सुटला! फुलांच्या मशिनी सुटल्या, धूर निघाला, ड्रोन खाली उतरलं, मागच्यांनी काही न बघता अक्षता फेकल्या. सोमेश्वर मामाच्या गळ्याला मिठी मारून, डोळे मिटून, कण्हतो तर ते बँडात कोणाला ऐकू येईना. मामा एक एक पाऊल टाकत बोहल्यावर गेले अन् त्याला गादीवर हळूच ठेवलं. गुरुजींनी मान खाली घालून "शुभमंगल" सुरू बी केलं. नवरदेवानं, त्याला बिचाऱ्याला राहवलं न्हाई, अंतरपाटावरून डोकावून पाहिलं. समोर सोमेश्वर. आडवा.

सारं कार्यालय हसलं. हसता हसता दाराकडून आवाज आला, "मामाऽ!"

प्रियदर्शनी दारात उभी. हसून हसून काजळ गालावर आलेलं. दोन्ही हात पुढं केलेले, जत्रेत करायची तसे. "मामा, मोंढ्याचा राग गेला. मला बी न्या. पण अठ्ठावन्न आठशेत शालूचं वजन वेगळं धरा."

मामा तिच्यापर्यंत गेले. अन् तिथं गेल्यावर त्यांना कळलं की पाय थरथरून राहिलेत. दम लागलेला, फेटा ओला.

"मामा, लवकर!" व्याही ओरडले. "मुहूर्त चालला!"

निर्मलाबाई रडकुंडीला आलेल्या. "दादा, राहू दे रे, चालत येऊ दे तिला."

"चालत कशी येईल? रीत हाय!" कोणीतरी म्हातारं मागून बोललं. रूपसिंग ओरडला, "तातेराव, एका दमात काढ! सोडू नको!" गुरुजी घड्याळाकडं बघून राहिले. सारे कॅमेरे मामावर. सहा महिने ज्या घटकेसाठी त्या माणसानं खुर्ची झिजवली, ती घटका हीच.

मामानं एका पोराला हात केला अन् म्हणले, "खुर्ची आण."

गालिच्याच्या मधोमध खुर्ची ठेवली अन् बसले.

"मामा, हे काय? मुहूर्त टळून राहिला!" व्याह्यांचा आवाज वर गेला.

"टळू द्या," मामा म्हणले. "पाय थरथरून राहिलेत माझे. अशा पायांनी मी पोरीला उचलत न्हाई. मी पडलो तर पडलो, माझ्याबरोबर ही पडल. दम घेतो, मंग नेतो. पाणी आणा."

बँड थांबला. नवरदेव उभा, अंतरपाट धरणाऱ्यांचे हात दुखून राहिलेले, आचारी पडद्यातून डोकावून राहिलेला, अन् सारं वऱ्हाड एका म्हाताऱ्या माणसाला पाणी पिताना बघून राहिलं. घोट घोट. सुमनमामी मागं उभी राहून पदरानं वारा घालती. विहीणबाई तोंड फिरवून बसल्या. प्रियदर्शनी खाली मामाच्या पायाशी गालिच्यावर बसली, शालूसकट. गुरुजींनी पंचांग मिटलं अन् म्हणले, "गेला."

मामानं ग्लास खाली ठेवला. पाय झटकून पाहिले. मंग उठले, गुडघ्यात बसले, भाचीला छातीला लावली अन् अशी उचलली, भागवत, की तिच्या कपाळावरची मुंडावळी बी हलली न्हाई. घाई केली न्हाई. बँड वाजला न्हाई, फुलं संपली व्हती, ड्रोनची बॅटरी गेलती. तिनं मान मामाच्या खांद्यावर टाकली अन् मामानं तिला बोहल्यावर नेऊन उभी केली.

गुरुजींनी दुसरा मुहूर्त काढला तो दुपार कलल्यावर. तवर भात गार, वऱ्हाड गरम. व्याही अजून धड बोलत न्हाईत. म्हणतेत मुलीच्या मामानं भर मांडवात खुर्ची टाकून मुहूर्त घालवला. चालत आणली असती तर काय बिघडलं असतं, असं अर्धं गाव म्हणते. रूपसिंग म्हणतो दम धरून तसंच उचलायचं व्हतं. अन् मामाला इचारलं तर ते नुसते खुर्चीवरून उठतेत अन् बसतेत.

मंग तू सांग. पाय थरथरून राहिले, मुहूर्त चालला, अन् भाची हात पसरून दारात उभी. तू असता तर काय केलं असतं?